शंभराच्या आत उजेड

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. अंकाची किंमत मोजून घरबसल्या डोंबिवलीला कोण कशाला जाईल? डोंबिवलीला जायला लोकलचे तिकीट पुरते. पण माझा नाइलाज आहे. तुमच्या आयुष्यातला मोठा प्रवास कोणता, असे मला कुणी विचारले, तर ठाणे ते डोंबिवली एवढेच मला सांगता येईल. अंतर सुमारे १५ किलोमीटर. वेळ, जलद गाडी मिळाली तर २० मिनिटे. सामान, चकल्या-करंज्यांचा एक डबा. हा प्रवास मी वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटण्याचा वास असताना करतो. त्याच रुळांवरून एरवीही मी शेकडो वेळा गेलो आहे. पण त्याला प्रवास म्हणत नाहीत, त्याला नोकरी म्हणतात.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर फडके रोड नावाचा रस्ता आहे. परगावच्या माणसाला हा रस्ता मुद्दाम दाखवायला नेले, तर तो बिचारा 'यात पाहायचे काय?' असे मनातल्या मनात म्हणेल. दोन्ही बाजूंना दुकाने, मधे माणसे, आणि टोकाला गणेश मंदिर. या मंदिराच्या संस्थानाची स्थापना १९२४ सालची. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक या गावात राहिले. गुढीपाडव्याला नववर्षाची जी स्वागतयात्रा आज गावोगाव निघते, ती १९९९ साली प्रथम निघाली ती याच गणेश मंदिराच्या पुढाकाराने. तेव्हा रस्ता दिसायला साधा असला, तरी त्याला अगदीच कमी लेखू नये.

नरक चतुर्दशीच्या पहाटे तर या रस्त्याचे रूपच पालटते. अजून नीट उजाडलेलेही नसते, तोच सारी तरुण डोंबिवली तिथे लोटते. मुलांच्या अंगात कोरे करकरीत झब्बे, ज्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. मुलींच्या अंगावर आईच्या साड्या, ज्या सांभाळता सांभाळता त्यांची तारांबळ. गणपतीचे दर्शन घ्यायचे, कुठे गाण्याची मैफल रंगली असेल तर उभ्या उभ्या दोन गाणी ऐकायची, आणि मुख्य म्हणजे भेटायचे. कॉलेज सुटले, नोकऱ्यांनी माणसे पांगवली, लग्ने झाली, तरी 'दिवाळीच्या पहाटे फडके रोडला भेटू' हा करार कायम. ठाण्यालाही अशीच गर्दी राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला होते. मी आता ठाण्यातच राहतो. घरापासून दहा मिनिटांवर तलावपाळी सोडून हा गृहस्थ भल्या पहाटे गाडी पकडून डोंबिवलीला का जातो, हे माझ्या शेजाऱ्यांना अजून उलगडलेले नाही.

त्याचे कारण चार माणसे आहेत.

१९८८ साली मी डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात जाऊ लागलो. विद्या प्रसारक मंडळ ही ठाण्याची जुनी संस्था, १९३५ सालची. तिची कॉलेजे चेंदणी बंदराकडे, थेट खाडीच्या काठी आहेत. स्टेशनवर उतरायचे, कोळीवाड्यातून सुक्या मासळीचा वास घेत चालत जायचे, आणि वर्गात बसून भरती-ओहोटी पाहायची. प्राध्यापक फळ्यावर काय लिहीत, ते त्यामानाने कमी पाहिले जाई. पण आमचे खरे कॉलेज गाडीतच भरे. सकाळची धीमी गाडी. एकजण कल्याणला चढे, एकजण ठाकुर्लीला, मी डोंबिवलीला, एकजण दिव्याला आणि शेवटचा मुंब्र्याला. पहिल्या आठवड्यात एकमेकांची नावे लक्षात राहीनात, म्हणून आम्ही स्टेशनांच्या नावांनी हाका मारू लागलो, आणि तीच नावे आजतागायत चालू आहेत. त्यामुळे आमच्या गप्पा तिऱ्हाइताने ऐकल्या तर त्याला रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीपाशी उभे असल्यासारखे वाटते. 'ठाकुर्लीला ताप आहे, दिवा रुसलाय आणि मुंब्र्याचं लग्न ठरलं,' असली वाक्ये आम्ही गंभीर चेहऱ्याने बोलतो.

कल्याण हा आमचा पुढारी. तो सगळ्यांत आधी चढे, म्हणून खिडकी त्याची. ठाकुर्ली ही आमच्यातली एकुलती एक मुलगी. तिचे वडील रेल्वेत, त्यामुळे गाड्यांची सारी पंचांगे तिला तोंडपाठ. ती बायकांच्या डब्यात बसे आणि ठाण्याच्या फलाटावर आम्हांला येऊन मिळे. दिवा शेतकऱ्याच्या घरचा. त्याच्या गावाभोवती तेव्हा भाताची खाचरे होती. चतुर्दशीला अंघोळीनंतर अंगठ्याखाली चिरडायची कारिटे तो बांधावरून तोडून आणी आणि आदल्या दिवशीच गाडीत प्रत्येकाच्या हातात दोन दोन ठेवी. आणि मुंब्रा हा कोकणी मुसलमानाच्या घरचा मुलगा. आम्हा सर्वांत शुद्ध मराठी त्याचे, आणि सर्वांत वक्तशीरही तोच. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला तो नेहमी पहिला हजर. 'अंघोळ मीही करून आलोय. फरक फक्त उटण्याचा,' असे तो म्हणे. ईदला शिरखुर्म्यासाठी आमची वरात त्याच्याकडे जाई.

लोकलचे बाक तिघांचे असते, पण त्यावर चौथा बसतो. त्या जागेला 'चौथी सीट' म्हणतात. तिथे बसणारा अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत असतो. मुंब्रा शेवटी चढे, म्हणून चौथी सीट कायमची त्याची. 'जरा सरका' एवढे दोनच शब्द तो बोले आणि आम्ही सरकत असू. मैत्रीची व्याख्या मी पुस्तकांतून पुष्कळ वाचली. पण 'जरा सरका' म्हटल्यावर कपाळाला आठी न पडणे, याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आता थोडे या लोहमार्गाविषयी सांगायला हवे, कारण पुढच्या हकिकतीत त्याचा हात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली उतारूगाडी ठाण्यालाच आली. १४ डबे, सुमारे ४०० उतारू, आणि २१ मैलांचा मार्ग. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. मधे आडवा होता पारसिकचा डोंगर. तेव्हा रुळांनी मुकाट्याने डोंगराला वळसा घातला. कळवा, मुंब्रा असे करीत, एका बाजूला मुंब्रादेवीचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडीचे पाणी, असा तो जुना रस्ता जातो. पुढे १९१६ साली डोंगर पोखरून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. मग धीम्या गाड्या वळशाने आणि जलद गाड्या बोगद्यातून, अशी वाटणी झाली. आमची कॉलेजची तीन वर्षे वळशाच्या रस्त्यानेच गेली. मुंब्रा आणि दिवा वाटेत घ्यायचे म्हणजे वळसा घालणे भागच होते.

माझी आणि बोगद्याची खरी ओळख पुढे, माझ्या मुलीमुळे झाली.

लग्नानंतर मी ठाण्याला बिऱ्हाड केले. २००६ साली मुलगी झाली. घरात तिला आम्ही चिऊ म्हणतो. त्या वर्षीच्या दिवाळीत ती चार महिन्यांची होती, आणि दुपट्यात गुंडाळून तिला मी फडके रोडला नेली. चौघांनी तिला आळीपाळीने घेतले. ठाकुर्लीने घेतली तशी घेणे बाकी कुणाला जमले नाही. मुंब्र्याने तर काचेचे भांडे धरावे तशी धरली. त्यानंतर दर दिवाळीला चिऊ बरोबर असायचीच. कडेवरून ती खांद्यावर आली, खांद्यावरून उतरून बोटाला आली. कल्याणकाका, दिवाकाका, मुंब्राकाका आणि ठाकुर्लीमावशी ही तिला माणसांची नावे वाटत. पुढे वाचता येऊ लागल्यावर दिवा स्टेशनची पाटी पाहून, 'बाबा, काकांचं नाव इथं का लिहिलंय?' असे तिने सबंध डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले होते.

चार वर्षांची असताना ती बोगद्यात घाबरली. फडके रोडवरून फराळाला सगळे आमच्याकडे ठाण्याला येत होते. गाडी बोगद्यात शिरली, अंधार झाला, आवाज कोंदला, आणि तिने माझे बोट असे घट्ट धरले की नखे रुतली. रडू फुटणार एवढ्यात कल्याण तिच्याकडे वाकून म्हणाला, "चिऊताई, आपण अंक मोजू या. शंभराच्या आत उजेड येतो. पैज?" तिला वीसपर्यंतच येत होते. पुढचे तो मोजू लागला. डब्यातल्या दोन-चार अनोळखी माणसांनीही सूर धरला. ७८ ला उजेड आला. तिने टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून बोगदा हा तिच्या खेळाचा विषय झाला. कधी ७० ला उजेड येई, कधी ८५ ला. शंभराची पैज मात्र कल्याण कधी हरला नाही.

आणि अशा माणसाशी मी भांडलो.

ही गोष्ट लिहिताना मला अजूनही संकोच वाटतो, कारण चूक सर्वस्वी माझी होती. २०११ साली जागा घेताना थोडे पैसे कमी पडले. कल्याणने न मागता दिले. सहा महिन्यांत परत करतो म्हणालो, वर्ष उलटले. त्याच्या आईचे आजारपण निघाले, तेव्हा त्याने एकदा, अगदी आडवळणाने विचारले. मी ओशाळलो होतो. आणि ओशाळलेला माणूस फार वाईट बोलतो. "पळून नाही चाललो मी," असे मी म्हणालो. पुढच्या पंधरवड्यात पैसे उभे करून धनादेश पाकिटात घातला आणि टपालाने पाठवला. बरोबर चिठ्ठी नाही, की दोन ओळी नाहीत. पंचवीस वर्षे होत आलेल्या मैत्रीला मी पोचपावती मागावी तसा वागलो.

त्या दिवाळीला कल्याण फडके रोडला आला नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाकी तिघे काही बोलत नसत. दिवा कारिटे आणी तेव्हा चुकून पाच जोड्या आणी, आणि एक जोडी पिशवीतच ठेवी.

२०१५ साली चिऊ नऊ वर्षांची होती. पहाटेच्या गाडीत बोगद्यातले अंक ती मनातल्या मनात मोजीत होती. उजेड आल्यावर तिने विचारले,

"बाबा, कल्याणकाका का येत नाहीत?"

"त्यांना काम असतं."

"दिवाळीत?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"तुमचं भांडण झालंय. मला कुणी सांगितलं नाही. मला कळतं," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

"झाली असतील तीन वर्षं."

तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला. "म्हणजे शंभरापेक्षा पुष्कळच जास्त. मग तू मोजायला विसरलास का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. डोंबिवली आली, तरी ती जागची उठेना. "जलद गाडीला इथून पुढचंच तर स्टेशन आहे," ती म्हणाली. गाडी सुटली. डोंबिवलीचा फलाट मागे गेला, आणि फराळाचा डबा मांडीवर घेऊन मी कल्याणच्या दिशेने निघालो. ठाकुर्लीला तेवढे फोन करून सांगितले. पलीकडून ती एवढेच म्हणाली, "अखेर सुटली का गाडी?"

कल्याण हे मोठे जंक्शन. तिथून एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे जातो. अर्धा देश तिथे गाडी बदलतो, आणि म्हणूनच की काय, कल्याण गाव पाहायला सहसा कुणी उतरत नाही. पण स्टेशनची गर्दी ओलांडून, टिळक चौकावरून पारनाक्याकडे गेले, की जुने कल्याण भेटते. अरुंद रस्ते, मधूनच एखादा वाडा, आणि दारात रांगोळ्या. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे बालपण याच गावातले. रिक्षातून जाताना मी ही माहिती चिऊला देत होतो. खरे म्हणजे, मला दुसरे काही बोलायचे सुचत नव्हते. "त्या किती वर्षांच्या होत्या जाताना?" तिने विचारले. "अठरा," मी म्हणालो. "मग त्यांच्या बाबांना काय वाटलं असेल?" ती म्हणाली. याही प्रश्नाला उत्तर नव्हते.

दार कल्याणच्या आईने उघडले. आजाराने ती वाळली होती, पण नजर तीच. माझ्याकडे, मग चिऊकडे तिने पाहिले.

"ये रे. एवढी मोठी झाली का ही? उन्हात उभी नका राहू, आत या."

कल्याण झोपाळ्यावर बसला होता. उठून उभा राहिला. मी वाटेत जुळवलेली वाक्ये सगळी विसरलो आणि म्हणालो, "माझं चुकलं." तो काही बोलला नाही. कोनाड्यावरचे घड्याळ त्याने उगाचच सरळ केले. तेव्हा आईच म्हणाली, "पैशाचं काय घेऊन बसलात रे? पैसे काय, तू दिलेस परत. तीन दिवाळ्या गेल्या, त्या कशा परत देणार आहेस?"

घरात कुणीच बोलेना. मग चिऊ हळूच त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "काका, आज ८१ ला उजेड आला." तो माणूस, ज्याला मी पंचवीस वर्षांत कधी रडताना पाहिले नव्हते, तो घाईघाईने पाणी आणायला आत गेला.

दुपारी त्याने आम्हांला दुर्गाडीला नेले. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीच्या काठी झाली. किल्ल्याचे आता फारसे काही उरलेले नाही. देवीचे देऊळ आहे, आणि खाली उल्हासचे पाणी. "हे पाणी कुठं जातं?" चिऊने विचारले. कल्याण म्हणाला, "खाली डोंबिवलीच्या बाजूने, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून, तुझ्या ठाण्याकडे." ती थोडा वेळ पाहत राहिली. "म्हणजे नदीसुद्धा धीमी गाडी आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघेही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. मैत्रीसुद्धा धीमी गाडीच की. प्रत्येक स्टेशन घेत, कुणाचे आजारपण, कुणाची बदली, कुणाची आठी, असे सगळ्याला थांबत थांबत ती डोंगराला वळसा घालून जाते. मुले मात्र जलद गाडीने वाढतात. आपण अंक मोजतो आहोत तोवर भसकन उजेड येतो, आणि पाहावे तो शेजारच्या जागेवर एक मोठे माणूस बसलेले.

त्या दिवसानंतर कल्याणने एकही दिवाळी चुकवली नाही. २०२० साली गाड्या सर्वांना खुल्या नव्हत्या आणि फडके रोडही शांत होता. तेव्हा पाचही जण फोनवर भेटलो आणि एकमेकांच्या करंज्या नुसत्या पाहिल्या. पुढच्या हिवाळ्यानंतर कल्याणची आई गेली. तिसऱ्या दिवशी चिऊ स्वतःहून माझ्याबरोबर आली आणि झोपाळ्यावर त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली.

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला. त्या फेरबदलात पारसिकचा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला, आणि जलद लोकलही मुंब्र्याच्या बाजूने, वळशाने जाऊ लागल्या. त्या दिवाळीत आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. चिऊ सोळा वर्षांची, कानात गाणी. कळवा गेले आणि खिडकीबाहेर अंधाराऐवजी खाडी आली. तिने कानातले काढले. "बाबा, बोगदा गेला की रे," ती म्हणाली. आणि मग, मोठ्या माणसासारखी, "आता मोजायला काही उरलं नाही." माझे बोट धरायचे तिने केव्हाच सोडले होते, पण त्या दिवशी ते माझ्या नीट लक्षात आले.

गेल्या वर्षी, २०२४ साली, ती कॉलेजात होती. चतुर्दशीच्या आदल्या रात्री तिने जाहीर केले, "बाबा, मी उद्या आमच्या ग्रुपबरोबर जाणार आहे. फडके रोडलाच. तिकडे भेटूच." पहाटे तिने आईची अंजिरी साडी नेसली, आईने निऱ्या बसवून दिल्या, आणि मी डबा भरून होईपर्यंत ती घराबाहेर पडलीसुद्धा. अठरा वर्षांत प्रथमच मी त्या गाडीत एकटा बसलो. डबा उजव्या हातात होता. डाव्या हाताचे काय करावे, ते कळेना.

फडके रोडला चौघे उभे होते. मुंब्रा अर्थात पहिला. दिव्याच्या खाचरांवर आता इमारती उभ्या आहेत; त्यामुळे कारिटे तो बाजारातून विकत आणतो, आणि तीही चतुर्दशीच्याच सकाळी वाटतो. 'उशिरा मेला तरी नरकासुर तो नरकासुरच,' असे त्याचे म्हणणे. "चिऊ कुठाय?" चौघांनी एकदम विचारले. मी गर्दीकडे हात केला. तेवढ्यात ती खरोखरच समोरून आली. बरोबर सात-आठ मुलेमुली, सगळी एकदम बोलणारी. आमच्यापासून पाच पावलांवरून ती हसत हसत निघून गेली. कल्याण हाक मारणार होता; ठाकुर्लीने त्याचा दंड धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या वयात आपल्याला तरी कोण दिसत होतं?"

परत येताना आम्ही मुद्दाम धीमी गाडी घेतली. ठाकुर्ली बायकांच्या डब्यात गेली, आणि आम्ही चौघे एका बाकावर बसलो, म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पंचावन्नाव्या वर्षी चार पुरुष एका बाकावर मावत नाहीत, हा शोध त्या दिवशी लागला. "जरा सरका," मुंब्रा म्हणाला. "आता सरकायला भिंतच आहे," कल्याण खिडकीतून म्हणाला. पण सरकला.

चिऊ बारापर्यंत येणार होती. एक वाजला, दीड वाजला. फोन लागत नव्हता. "अहो, येईल. मैत्रिणी भेटल्या की वेळ कळत नाही, तुम्हांला का ठाऊक नाही?" असे बायको दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा तिनेच खिडकीतून वाकून पाहिले. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो होतो आणि मनात अंक मोजीत होतो, हे माझ्याच उशिरा ध्यानात आले. शंभर झाले, उजेड आला नाही. पुन्हा एकपासून सुरुवात केली. तिसऱ्या शंभरीत बेल वाजली.

साडीचा काठ मळलेला, केस विस्कटलेले, चेहरा आनंदाने फुललेला. रागवायचे मी ठरवून ठेवले होते. त्याऐवजी म्हणालो, "फडके रोडला तू आमच्या अगदी जवळून गेलीस. पाहिलंसुद्धा नाहीस."

"पाहिलं की," ती चपला काढता काढता म्हणाली. "तुम्ही पाचही जण इतके मजेत होता! म्हटलं, कशाला मधे जा? तुमची वर्षातून एकदाची भेट." आणि मग आत जाता जाता वळून, "बाबा, पुढच्या वर्षी डबा जरा मोठा घे ना. आमच्यात एक टिटवाळ्याची आहे आणि एक बदलापूरचा. भल्या पहाटे उपाशीच निघतात बिचारे."

टिटवाळा कसाऱ्याच्या फाट्यावर, बदलापूर कर्जतच्या. म्हणजे यांच्या गाड्या आमच्याहून लांबून येतात.

यंदा डबे दोन भरायचे आहेत.